नातीसाठी थांबलेलं जेवण

परवा कपाट आवरताना बायकोच्या शुगरच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट सापडलं आणि लॉकडाउनमधली एक दुपार आठवली. आम्ही तेव्हा अमेरिकेत, कॅरीला मुलाकडे होतो. नातीचं कॉलेज बंद झालं म्हणून ती घरी आली, पण राहायची आपल्या खोलीतच. पहाटेपर्यंत जागायची, दुपारी तीनला उठायची, अंथरुणातच क्लास आणि अंथरुणातच चिप्स. मी दारावर थापा मारून ओरडायचो, "अगं, माणसासारखी जेव की!" आतून यायचं, "आजोबा, नॉट हंग्री!" बायको ओरडली नाही. पोर उपाशी असताना मला घास उतरत नाही म्हणाली, आणि वरण-भात झाकून जिन्याशी खुर्ची टाकून बसायला लागली. त्या दिवशी गोळी घेऊनही ती तशीच उपाशी बसली. दोनच्या सुमारास घामानं भिजली, हात थरथरायला लागले. माझी हाक ऐकून नात अनवाणी धावत आली, तिनं साखरपाणी पाजलं, मग वरणभात कालवून एक घास आजीला, एक स्वतःला. रडत रडतच मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही जेवलात?" "बारालाच." "आणि आजीला विचारलं नाही? सीरियसली?" बायको म्हणाली, "गप गं, त्यांना सवय नाही." दुसऱ्या दिवसापासून पोर बाराला खाली यायला लागली. बायको जाऊन आता वर्ष झालं. मी उगाच नातीला बोल लावत होतो. पन्नास वर्षं बायको माझ्यामागून जेवली, आणि तिला भाजी उरते की नाही, हे मी एकदाही पाहिलं नाही.