मास्तरांचा नमस्कार

लातूर जिल्हा झाला तवा सगळ्यात जास्त आनंद आमच्या अप्पांना झाला. अप्पा म्हणजे आमच्या कापड दुकानाचे मालक. कपाळावर भस्म आन डोक्यात एकच गणित.

"आता कलेक्टर येणार, मागं सायब येणार, सायबांच्या बायका येणार. त्यांना काय 'ये मावशी, टेक' म्हणता का?"

इकडं पाऊस दडी मारून बसलेला. खेड्यातली लग्नं पुढं गेलेली, बस्ते बंद. धा-बारा माणसांनी गादीवर ठाण मांडून लग्नाचं समदं कापड एकदाच घ्यायचं, त्याच्यावरच आमचं दुकान चालायचं. गिऱ्हाईकच न्हाई म्हणल्यावर अप्पांनी हुकूम काढला. पुण्याहून मास्तर येतील, बोलायचं शिकवतील. दुकानात कामाला मी आन उदगीरचा गडी, दोघांतला जो चांगला शिकंल तो ऱ्हाईल. दुसऱ्याची वाट ठाऊकच हुती. दुष्काळी कामावर खडी फोडायला.

मास्तर अप्पांच्या जावयाच्या ओळखीचे. दारात हुबं ऱ्हायचं, हात जोडायचे, जरा वाकायचं आन म्हणायचं, "नमस्कार. आपलं स्वागत आहे. मी आपली काय मदत करू?" गिऱ्हाईकाला गाव विचारायचं न्हाई, पाऊसपाणी विचारायचं न्हाई. ते म्हणं खाजगी.

मला लहानपणापासून नकलांचा नाद. शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून हेडमास्तरांचाच मार खाल्लेला. मी काय शिकलो न्हाई, नुसते मास्तर केले. नाकावर घसरलेला चष्मा, बोलायच्या आधीचा खोकला, नाकातून वढलेलं 'आपलं'. मास्तर खूश. "याच्यात उपजत गुण आहे!" म्हणले. स्वतःलाच वळखलं न्हाई त्यांनी.

उदगीरचा गडी हात जोडायचा आन फस्सकन हसायचा. मग म्हणायचा, "या हो या, चा सांगू का?" मास्तरांनी कपाळाला हात लावला. अप्पांनी त्याला शर्टाचं कापड दिलं आन वाट दावली.

सायबांच्या बायका आल्या, न्हाई असं न्हाई. लुगडी बघितली, छान म्हणल्या आन सुट्टीत सोलापूरला जाऊन घेऊन आल्या.

मग एक दिस रेणापूरचा बस्ता आला. नवरीच्या आत्यानं एक चप्पल काढली, तेवढ्यात मी वाकलो.

"नमस्कार. मी आपली काय मदत करू?"

"मदत? दुष्काळाची मदत तालुक्याला मिळती बाबा. आमाला लुगडी पायजेत." तिनं मला खालीवर बघितलं. "चला गं, हितं लई महाग आसंल."

चप्पल पुन्हा पायात. समदी वरात समोरच्या दुकानात. आन तिथं गादीवर कोण? उदगीरचा गडी!

"या या आत्या! रेणापूरहून का? हाय का काई पाऊस तिकडं?"

आत्या टेकली ती कोरड्या हिरीपासून सुरू झाली. तिची हीर सांगून होईस्तोवर गड्यानं निम्मा बस्ता उलगडला हुता.

अप्पा गल्ल्यावरून समदं बघत हुते. मास्तरांना शाल-नारळ दिलेला, त्यांना काय म्हणणार? मला म्हणले, "उद्या समोर जा. तो कसा बोलतो ती नक्कल उचलून आण. जमलं न्हाई तर खडी हाय."

गेलो. मला बघितल्याबरुबर गडी ताठ झाला. खोकला. हात जोडून जरा वाकला.

"नमस्कार. आपलं स्वागत आहे. मी आपली काय मदत करू?"

हुबेहूब मास्तर! माझ्यापेक्षा सरस.

"आरं, मग तवा काय झालतं तुला?"

"तवा मास्तर समोर हुते. हसू आवरंना गड्या." त्यानं गादीवर जागा केली. "बस. अप्पानं शिकायला धाडलं न्हवं? मग पैलं हे सांग, तुमच्या गावाकडं पाऊस कसा हाय?"

मी खोकलो.

"आमच्याकडं पर्जन्यमान समाधानकारक नाही."

गडी गादीवर आडवा होऊन हसला. "लई दिस लागतील बाबा तुला," म्हणला, आन पोऱ्याला दोन चा सांगितले.