चार नंबरचं मशीन

सरांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. बाकी कोणाचे पाहिले नाहीत.

नखांत चिखल होता. सकाळी मी आईसोबत धानाच्या रोवणीला जायची आणि दुपारी सायकलनं आमगावला, कॉम्प्युटर क्लासला. बांधीतला, धानाच्या वाफ्यातला चिखल तीनदा साबण लावूनही नखांतून निघत नाही. सर सर्वांसमोर म्हणाले, "असे हात की-बोर्डले लावशील त बटना जाम होतीन. तू कॉपीतच लिव."

राइस मिलवाल्यांची, दुकानदारांची पोरं हसली. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला अजून किळस येते.

फी मी त्यांच्याइतकीच भरली होती. तरी दीड महिना मागच्या स्टुलावर बसून वहीत प्रोग्राम उतरवले. शाळेच्या सवयीनं प्रत्येक ओळीला समासात नंबर टाकायची. एक, दोन, तीन. मशीनवर बोट ठेवायची वेळच कधी आली नाही.

एक काम मात्र माझ्याकडे आलं. क्लास सुरू व्हायच्या आधी सगळी मशीनं पुसायची. सर म्हणाले, तू लवकर येऊनच रायतेस, थोडा कपडा मारून देत जा. मी मारत गेले. स्क्रीन, माऊस, की-बोर्डचं एकेक बटन. दुसऱ्यांच्या बोटांचं तेल, चिवड्याचा चुरा. ज्या हातांनी बटन दाबलं तर मशीन बिघडणार होतं, त्याच हातांनी पुसलं तर बिघडत नव्हतं. हे मला दीड महिना दिसलं नाही. इतकी कशी मी बावळट.

एका दुपारी सर चहाला गेले होते. चार नंबरचं मशीन पुसता पुसता, मागून रोज पाहत होते तसं, मी सुरू केलं. वही मांडीवर घेतली. त्यात मी स्वतः जुळवलेला एक प्रोग्राम होता. आमच्याकडे धान कुडोनं मोजतात, वीस कुडोंची एक खंडी. मशीननं कुडो विचारायचे आणि खंडी सांगायची, बस. चार ओळी. एका बोटानं अक्षरं शोधत शोधत टाइप केल्या आणि चालवल्या.

लाल अक्षरं आली. वाटलं, बिघडवलंच मी. वहीत पाहिलं, स्क्रीनवर पाहिलं, पुन्हा वहीत. समासातले नंबरसुद्धा मी टाइप केले होते. दीड महिना कागदावर शिकवल्यावर दुसरं काय होणार? नंबर खोडले आणि पुन्हा चालवलं. त्यानं विचारलं, किती कुडो? मी साठ लिहिलं. उत्तर आलं, तीन.

बरोबर होतं. इतका आनंद झाला की आणखी दोनदा चालवून पाहिलं.

"काऊन वो, कोणाले विचारून हात लावली?"

सर दारात उभे होते. त्यांनी उत्तराकडे पाहिलंच नाही, की-बोर्डकडे पाहिलं. मग फडकं उचलून माझ्यासमोर टाकलं. "पुस ते. पोरं येऊन रायली."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. फडकं तेच, हातही तेच. मला शिसारी आली. त्यांची आली, आणि दीड महिना मान खाली घालून पुसणाऱ्या माझीही आली.

मी म्हटलं, "नाई पुसत. मले इथंच बसाचं हाय."

सरांनी मशीनचा स्विच बंद केला. प्रोग्राम सेव्ह केला नव्हता, गेला. पोरं येऊन बसली, शिकवणं सुरू झालं. दोनदा सरांनी मागं जायला सांगितलं. मी उठले नाही. बंद स्क्रीनसमोर वही उघडून तासभर बसले.

दुसऱ्या दिवशी रोवणी आटोपून हात धुतले, एकदाच. नखं घासली नाहीत. क्लासात जाऊन चार नंबरवर बसले आणि स्विच मीच लावला. फडकं सरांच्या टेबलावर पडलं होतं. ज्याला मशीन स्वच्छ पाहिजे त्यानं पुसावं. मी ते उचलणार नाही. इथं नाही, आणि पुढं जिथं कुठं बसेन तिथंही नाही.