मुरिनची पट्टी

कॉन्सिडाइनांच्या घरी लग्न असो की मयत, वाजवायला बाहेरचं माणूस कधी लागलं नाही. फ्लॅननची बटणांची अकॉर्डियन-पेटी, त्याची बायको ब्रीडा पियानोवर, थोरला मुलगा सेनन फिडलवर, आणि पुढे उभी राहून गाणारी लेक मुरिन. आयर्लंडमधल्या क्लेअरच्या आमच्या किनाऱ्यावर ती सात वर्षांची असल्यापासून गात होती. एकोणिसाव्या वर्षी या घरच्या बँडच्या दोन सीड्या निघाल्या, जर्मनीचा दौरा ठरला. विसाव्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडचा कॅन्सर.

गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, रोग गेलाय. आवाजाची नस दुखावली आहे, तिला वेळ द्या.

मग आठ महिने मुरिन स्वयंपाकघरात बसून पेल्यातल्या पाण्यात नळी घालून हुंकार भरत राहिली. एवढाच व्यायाम. बुडबुडे यायचे, सूर यायचा नाही.

"शेजारच्या कीनच्या गाईसुद्धा तुझ्याहून सुरात आहेत," सेनन म्हणायचा.

"त्यांना घे मग बँडमध्ये. तुझ्याहून देखण्या आहेत."

आवाज आला तो वसंतात, जरा खरखरीत होऊन. ऑगस्टच्या गावजत्रेत गायचं ठरलं. पहिल्या तालमीला तिने एक कडवं म्हटलं आणि थांबली.

"फार सोपं जातंय." तिने बापाच्या मांडीवर पाहिलं. "ही तुमची पेटी नाही, बाबा."

फ्लॅनन खिडकीबाहेर बघू लागला. पेटीचे सूर पिळून उतरवता येत नाहीत, म्हणून त्याने खालच्या पट्टीची दुसरी पेटी काढली होती. सेननने फिडलच्या तारा सबंध एक सूर ढिल्या केल्या होत्या. ब्रीडा पियानोवर तेवढंच खाली वाजवत होती. तिघांनी मिळून तिच्यासाठी जमीन खाली घेतली होती, आणि तिला सांगितलं नव्हतं.

"आवाज फाटला तर, बाळा?" ब्रीडा म्हणाली. "सगळ्या गावासमोर?"

"माझा आवाज, आई. फाटला तर माझा फाटेल."

भांडण चांगलंच झालं. शेवटी मुरिननेच अट घातली. जत्रेत पहिलं गाणं ती एकटी गाणार, वाद्यांशिवाय, आपल्या जुन्या पट्टीत. वरचा सूर लागला नाही, तर पुढची गाणी ती निमूट खाली गाईल. लागला, तर सगळ्यांनी वर यायचं.

जत्रेच्या रविवारी दुपारी गावचा हॉल भरला होता. आमच्याकडे एकटं गाणाऱ्याचा हात कुणीतरी धरतं आणि चालीबरोबर हळूहळू गोल फिरवत राहतं, रहाट फिरवावा तसा. फ्लॅननने पेटी खाली ठेवून लेकीचा हात घेतला.

तिने डोळे मिटले, सुरुवात केली. गळ्यावरचा व्रण तिने रुमालाने झाकला नव्हता. तिसऱ्या ओळीत त्या वरच्या सुराची जागा आली. आधी नुसती हवा आली. ब्रीडाने मान खाली घातली.

"धीर धर, पोरी!" मागून म्हातारा कीन ओरडला.

हवेतून सूर निघाला. खडबडीत होता, पण खाली सरकला नाही. चार कडवी होती आणि प्रत्येकात तो सूर होता. दुसऱ्यात तो उशिरा आला, तिसऱ्यात वेळेवर. चौथ्यात मुरिनने तो लांबवला. गरज नव्हती, तरी लांबवला. फ्लॅननचा हात फिरायचा थांबला, तेव्हा तिनेच तो फिरवला.

टाळ्या संपण्याआधी फ्लॅनन सेननकडे वळला. "व्हॅनमधून माझी पेटी आण."

"आणली होतीस?" ब्रीडा म्हणाली. "मला न सांगता?"

"तू तरी पोरीला कुठं सांगितलं होतंस?"

पुढच्या रांगा हसल्या. सेननने पेटी आणून दिली आणि फिडलच्या खुंट्या पिळायला घेतल्या. एक तार तटकन तुटली. तो नवी लावेपर्यंत मुरिन मंचाच्या कडेला उभी राहून चहा पीत होती.

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "नीट वर घे."