राजाभाऊंचा गडगा

नाचणे गावच्या राजाभाऊंना सर्किट बोर्डाबद्दल एक शब्द विचारावा आणि आपली दुपार गमावून बसावं. ठाण्याच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर बोर्ड आखले. निवृत्त होऊन गावी आले, तरी हात स्वस्थ बसेनात. मिरजोळ्याला संदेश म्हणून एकाचं छोटं वर्कशॉप आहे. पंप आपोआप चालू-बंद करणारी यंत्रं तो बनवतो. त्या यंत्रांचे बोर्ड राजाभाऊ घरच्या कॉम्प्युटरवर आखून देत. बोर्डावरचे सुटे भाग तांब्याच्या बारीक रेघांनी जोडायचे असतात, आणि ती एकेक रेघ राजाभाऊ स्वतः माऊसनं ओढत. सगळ्या रेघा आपोआप ओढून देणारं एक बटण सॉफ्टवेअरमध्ये असतं, त्याच्यावर त्यांचा भारी राग. "त्या ऑटोराउटला काय कळतंय डोंबल! रेघा ओढेल, पण अक्कल कुठून आणेल?"

त्यांचं एक ठरलेलं होतं. बोर्डाच्या एका अंगाला घरातली वीज. दुसऱ्या अंगाला टाकीच्या पाण्यात सोडलेल्या, पाणी किती आहे ते ओळखणाऱ्या तारा. या दोहोंच्या मध्ये राजाभाऊ बोटभर जागा कोरी ठेवत. इथली हवा खारट, दमट. अंतर कमी पडलं की वीज बोर्डावरूनच सरपटत पलीकडे जाते. त्या कोऱ्या जागेला ते गडगा म्हणत, बागेभोवती जांभ्या दगडाची बुटकी भिंत असते ना, तशी. हा गडगा सॉफ्टवेअरच्या नियमांत लिहून ठेवावा असं मात्र त्यांच्या कधी मनातही आलं नाही. हाताला सवय होती, मग लिहायचं कशाला?

ऑगस्टात पंपाची वीज जोडणारा-तोडणारा रिले नेहमीच्या मापाचा मिळेनासा झाला आणि अख्खा बोर्ड नव्यानं आखायची पाळी आली. नेमकी तेव्हाच राजाभाऊंची कंबर धरली. खुर्चीत बसवेना. संदेशचे फोनवर फोन. शेवटी वैतागून त्यांनी ते बटण दाबलं, आणि काय सांगावं, कपभर चहा संपेतो बोर्ड तयार! सॉफ्टवेअरच्या तपासणीतही एक चूक निघाली नाही. राजाभाऊ हरखलेच. बायकोला हाक मारून म्हणाले, "अगो कमले, उगाच शिव्या घालत होतो बघ याला!"

बोर्ड बनून आले. पहिलं यंत्र संदेशनं चाफे गावच्या गोदाबाईंकडे बसवलं, बाकीचे बोर्ड अजून खोक्यातच होते. त्यातला एक घरी आणून राजाभाऊ कौतुकानं खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. बघतात तो काय, गडग्यातून एक रेघ गेलेली! टाकीच्या तारेची रेघ, घरातल्या विजेच्या जोडणीला अगदी खेटून. सॉफ्टवेअरनं तरी काय करावं? त्याला रिकामी जागा दिसली, जवळची वाट दिसली. तिथून जाऊ नको असं कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यानं सांगायचं तो चहा पीत बसला होता.

राजाभाऊंनी तडक फोन उचलला. संदेशचा फोन लागेना, तो जयगडला कामावर गेलेला. क्षणभर त्यांना वाटलं, तो येईतो थांबावं आणि गुपचूप बोर्ड बदलून टाकावा, कोणाला कळतंय? असा विचार आपल्याला सुचला याचीच त्यांना शरम वाटली. वर्कशॉपमधून गोदाबाईंचा नंबर घेऊन त्यांनी फोन लावला, यंत्राबद्दल विचारलं.

गोदाबाई खुशीत होत्या. "लय ब्येस यंत्र हाय, भाऊ. आता पंपाकडं धावायला लागत नाय. येकच. टाकीत हात घातला की मुंग्या येतत. आता वय झालं, काय करायचं? म्हणून आज टाकीवर भांडी घासायला नातीला धाडलंय."

"मेन स्वीच!" राजाभाऊ ओरडले. "आधी मेन स्वीच बंद करा! पाण्यात करंट उतरलाय! पोरीला हात लावू देऊ नका!"

पलीकडे फोन कशावर तरी आपटला. "संस्कृती! गो संस्कृती!" अशी हाक दूर जाताना ऐकू आली. मग काहीच नाही. राजाभाऊ फोन कानाला दाबून उभे राहिले. कमलाबाई काय झालं म्हणून विचारत होत्या, त्यांच्याकडे बघायचंही त्यांना सुचलं नाही. देवा, पोरीला काही होऊ देऊ नको रे, एवढंच त्यांच्या मनात चाललं होतं.

बऱ्याच वेळानं फोन कुणीतरी उचलला.

"कोण बोलतंय?" लहान मुलीचा आवाज. "आजीनं लाइट का घालवली? मी अजून भांडीपण भिजवली नाहीत."

"बाळा, आजीला दे फोन," राजाभाऊ म्हणाले.  तेवढ्यात गोदाबाईंनी फोन घेतला. त्यांना धाप लागली होती आणि त्या रडत होत्या.

"देवासारकं आलात, भाऊ! तुमच्यामुळं माजी पोर वाचली. तुमचं कसं उपकार फेडू?"



"गोदाबाई, असं म्हणू नका हो," राजाभाऊ म्हणाले. "त्या यंत्राचा बोर्ड मीच आखलाय. माझ्यामुळंच मरत होती ती."

 गोदाबाईंनी फोन ठेवला.