बसलेले मामा

“उठायचं नाही कुणी. सोंग बसलेल्यापुढे येतं,” मामा मुलांना बजावत होते. लंडनच्या यंत्रांच्या संग्रहालयात, एका अवाढव्य वाफेच्या इंजिनासमोर ते फरशीवर मांडी घालून बसले होते आणि शेजारी त्यांची तिन्ही मुलं. मी खांबाआड उभी होते.

माझ्या मामांइतकं जग जागेवरून न हलता पाहिलेला माणूस सबंध जव्हार संस्थानात झाला नसेल. आमच्याकडे बोहाड्याच्या उत्सवात देवादिकांचे मुखवटे चढवलेली सोंगं संबळाच्या तालावर नाचत येतात आणि लोक आपले बसून राहतात. मामांनी हीच रीत सगळ्या सृष्टीला लावली होती. दाभोशाचा धबधबा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, कारण तो भेटायला येत नाही. विलायतेच्या बोटीवर एडन बंदराचं मात्र त्यांना फार कौतुक वाटलं, ते आपण होऊन खिडकीशी आलं म्हणून. सागाच्या व्यापाराचं काम उरकल्यावर त्यांनी आम्हाला लंडन दाखवलं, तेही बहुतेक हॉटेलच्या गॅलरीतून. माझ्या कॉन्व्हेंटातल्या इंग्रजीची त्यांनी सबंध बोटीवर जाहिरात केली होती. प्रत्यक्षात मी एकाही परक्यापुढे तोंड उघडलं नव्हतं.

गणवेशातला पहारेकरी आला. आधी नम्रपणे, मग जरा चढ्या आवाजात त्यानं उठायला सांगितलं. हे इंजिन फक्त शाळांच्या सहलींसाठी चालवतात, म्हणाला. मामांना त्यातलं अक्षरही कळलं नाही. हा संबळवालाच असणार असं धरून ते प्रसन्नपणे म्हणाले, “होऊ द्या सुरू.” पहारेकऱ्यानं दाराकडे बोट दाखवलं. धाकट्या कमळीचा चेहरा पडला. “ताई, बाबांना हाकलतायत का ग?”

दुसऱ्या दिवशी आमची परतीची बोट होती. मामा शांतपणे माझ्याकडे वळले. “सांग ग बाय त्याला. तुला येतंय.”

मी खांबाआडून पुढे झाले आणि बोलले. पहारेकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मामांच्या पगडीकडे पाहिलं, मिशीत हसला आणि खटका ओढला. ते अजस्र चाक असं काही फिरू लागलं की मुलांनी टाळ्या पिटल्या, मामांनी हात जोडले आणि हॉलभरचे साहेबलोक येऊन आमच्यामागे उभे राहिले.

मामा गेल्या वर्षी गेले. आता मी चारचौघांत बोलते, कधी जरा जास्तच. पण आवाज फुटला तो तिथे, त्या एका वाक्यानं:

“साहेब, ही शाळाच आहे. मी यांची शिक्षिका, आणि मधे बसलेत ते आमचे सगळ्यात मोठे विद्यार्थी.”