हळू वाचायला शिकवणारे सोनवणे सर

प्रा. सोनवणे सरांशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या दटावणीने. उधन्याच्या कॉलेजात त्यांनी मला इंग्रजीतल्या रोमँटिक काळातली एक कविता वाचायला सांगितली. मी उभी राहून वाचू लागले. सर कानांवर हात ठेवून म्हणाले, "अगं माय! हळू. इथं लूम नाही चालू."

वर्ग हसला, पण आम्ही सगळेच तसे होतो. आमच्या नवागाम वस्तीत घराच्या भिंतीपलीकडे दिवसरात्र कापड विणणारे लूम. ओरडल्याशिवाय जेवताना मीठसुद्धा मागता येत नसे. कवीने एकांतात लिहिलेल्या ओळी आम्ही भाजी विकल्यासारख्या म्हणायचो. गिरण्यांचा गोंगाट वाढत असताना या कवींना माणसाचा हळू आवाज का जपावासा वाटला, हेच सर जन्मभर शिकवत आले. "त्यांच्या गिरण्या नव्या होत्या, आपल्या जुन्या झाल्या. कविता तीच," असं ते म्हणत.

माझे वडील गेले तेव्हा सर घरी आले. लोक पांगल्यावर ते आईशेजारी बसले आणि म्हणाले, "बोला ताई, मला ऐकू येतंय." आई पुटपुटत राहिली, शेजारी लूम खडखडत राहिले आणि सर मान डोलावत राहिले. आमच्या घरात तिचं इतकं हळू बोलणं तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

त्याच सरांचे कान आता गेले. लूमच्या शेजारात आयुष्य काढल्यावर दुसरं काय होणार! कानातल्या यंत्राचाही उपयोग होत नाही. डिंडोलीतल्या त्यांच्या घरी आम्हा जुन्या विद्यार्थ्यांचा दर रविवारी भरणारा वर्ग त्यांनी गेल्या दिवाळीत बंद केला. "तुमचे नुसते ओठ हलताना दिसतात रे," म्हणाले. आम्ही म्हटलं, सर, मोठ्याने वाचतो ना! ते भडकलेच. "मग मी इतकी वर्षं शिकवलं काय, कपाळ?" त्यांच्याशिवाय रविवार खायला उठतो, हे इथे स्पष्टच लिहिते.

सरांच्या पंचाहत्तरीच्या समारंभात तीच पहिली कविता मी वाचणार आहे. हळूच वाचणार आहे. सरांना एक अक्षर कळणार नाही, याने जीव तुटतो. सर शतायुषी होवोत, हातीपायी धडधाकट राहोत, एवढंच मागते. वाचून झाल्यावर ते नक्की विचारतील, "हळू वाचलंस ना?"

मी मान हलवेन. ती त्यांना दिसेल.