आईच्या शेजारी बसवलेला माणूस

बाबा गेले तेव्हा ते तिशीतही नव्हते आणि मी आईच्या पोटात. त्यांचा एकच फोटो घरात होता, एवढासा, ओल लागून पोपडे आलेला. आईचा तर तरुणपणी कुणी काढलाच नाही. सत्तरी ओलांडल्यावर ती एकदा म्हणाली, "आमची दोघायची एक तसबीर पायजे व्हती. भितीवर तरी सोबत राह्यलो असतो." उभ्या जन्मात तिनं तोंडानं मागितलेली ही एकच गोष्ट.

दादाला तेवढं पुरलं. वडनेर भोलजीहून आम्ही दोघं भावंडं बुलढाण्याच्या एका पेंटरकडे गेलो. त्यानं बाबांचा फोटो आणि आईचा मोबाइलवरचा फोटो शेजारी धरले. "असं काढलं तर माय अन् लेक दिसतीन. एकाचं वय बदलावं लागन."

आईला तरुण करायला आधारच नव्हता. मग बाबांना म्हातारं करायचं ठरलं. पण सुरकुत्या आणायच्या कुठून? दादा लगेच खुर्चीत बसला. "माह्यं पाहून काढा. मी बाबावरच गेलो, सारे म्हणतात." मी म्हटलं, अरे, आधी आईला तर विचार. पण आमचा दादा ऐकतो कुणाचं!

तसबीर घरी आली. आईनं पदरानं काच पुसली आणि जवळून पाहिलं.

"माय वं! हा तर तूच हायेस," ती दादाला म्हणाली. "नवऱ्याच्या जागी लेकाले बसवलं काऊन रे माह्याजोळ?"

दादा समजावू लागला, बाबा आज असते तर असेच दिसले असते. "ते असे कधी झालेच नाही," आई म्हणाली आणि तिनं तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली. पुन्हा कधी तिचं नाव काढलं नाही. मला दादाचा भयंकर राग आला, आणि त्याचं उतरलेलं तोंड पाहून रडूही आलं.

त्याच हिवाळ्यात आई गेली. तेरवीला नातेवाइकांनी घाईघाईत तीच तसबीर काढून पाटावर मांडली, हार घातला.

"पोरगा हुबेहूब बापावर गेला हो," बाबांना कधीच न पाहिलेली एक मावशी म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. दादा उठून बाहेर गेला.

हे बाबा नाहीत, असं ओरडून सांगावंसं वाटलं मला. पण मग बाबा कसे होते, असं कुणी विचारलं असतं, आणि ते सांगू शकणारी एकुलती एक बाई आता हारामागे होती.